पळसाचे पान आणि पंगतीचे आरोग्य

पळसाला पाने तीनच, ही म्हण मराठवाड्यातील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. जालना जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. तरीही शेताच्या बांधावर, गायरानात आणि भोकरदन-जाफराबादकडील माळावर पळस दिसतो. शिमग्याच्या सुमारास फुलून गेल्यानंतर त्यास जी नवी पाने फुटतात, ती तोडून, वाळवून व काड्यांनी टाचून पत्रावळी लावण्याचा उद्योग पिढ्यान् पिढ्या चालत आला. चातुर्मासात पर्णभोजनाचे व्रत घेण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. मध्यंतरी प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटांनी पत्रावळीला पंगतीतून जवळजवळ हद्दपार केले. पुढे महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून अशा ताट-वाट्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाची एकल वापराच्या प्लास्टिकवरील बंदी देशभर लागू झाली. साहजिकच पानांच्या, उसाच्या चिपाडांच्या व सुपारीच्या झावळीच्या ताटांना मागणी आली. अवर्षणाच्या वर्षी तर हजार माणसांची धातूची ताटे घासण्यास लागणारे पाणी आणावयाचे कोठून, हाही प्रश्न जालना जिल्ह्यास नवा नाही. २०१२-१३ चा दुष्काळ येथील लोक विसरलेले नाहीत.

हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि त्याबरोबर एक समजही बळावला आहे, तो असा की, जे झाडापासून झाले ते अन्नास निर्धोकच असणार. धोतरा आणि कण्हेर हीदेखील झाडेच आहेत. पत्रावळ टाचण्यास कण्हेरीची काडी घेऊ नये, हे जुन्या बायकांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. ताट कशापासून केले, याइतकेच ते कसे केले, कोठे ठेवले आणि त्यावर काय चढविले, हे पाहणे अगत्याचे आहे.

वैशाखातील पान, भाद्रपदातील पंगत

पळसाची पाने गोळा होतात उन्हाळ्यात. मोठ्या पंगती मात्र पुष्कळदा श्रावण-भाद्रपदात उठतात. सप्ताहाचा काला, गणेशोत्सवातील भंडारा, राजूरची अंगारकी हे सारे पावसाळी हवेत येऊ शकते. म्हणजे पत्रावळींचे गठ्ठे मधले दोन-चार महिने कोठेतरी पडून असतात. पान कडक वाळलेले नसेल, अथवा गठ्ठा ओलसर भिंतीशी किंवा खताच्या पोत्यांशेजारी रचलेला असेल, तर पानांच्या घडीत बुरशी धरते. काही बुरशा अफ्लाटॉक्सिनसारखी विषे निर्माण करतात व ही विषे अन्नाच्या उष्णतेने नाहीशी होत नाहीत. बुरशी पुसून पान वापरणे हा उपाय नव्हे. काळे वा पांढरे ठिपके पडलेली, कुबट वास येणारी पत्रावळ टाकून द्यावी. उंदीर-झुरळांचा वावर असलेल्या जागी ठेवलेल्या गठ्ठ्यासही हाच न्याय.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मते गावपातळीवर हीच सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. वाळलेले पान मोडू नये म्हणून पंगतीपूर्वी त्यावर पाणी शिंपडतात. पिण्याचे पाणी आपण शुद्ध केलेले आणतो आणि पत्रावळीवर शिंपडण्यास हौदातले किंवा जवळच्या नाल्यातले घेतो! ते पाणी वरण-भाताबरोबर पोटात जाते, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. शिंपडण्याचे पाणी पिण्याचेच असावे. पत्रावळी आयत्या वेळी ओल्या कराव्यात. आदल्या रात्री भिजवून रचून ठेवू नयेत. धुळीची पाने प्रथम कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावीत.

पानाआड दडलेले प्लास्टिक

बचत गटांतून आता तापत्या साच्याची द्रोणयंत्रे आली आहेत. त्यांवर दाबून काढलेली पत्रावळ सुबक असते, तिचे साठवणही सोपे. परंतु पानांचे थर चिकटावेत व ताट गळू नये म्हणून काही ठिकाणी दोन पानांमध्ये पातळ प्लास्टिकचा कागद घालतात. वरून पान आणि आत प्लास्टिक! कागदी प्याले व चंदेरी द्रोण यांची कथाही निराळी नाही. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कागदी प्याल्यातील १०० मिलिलिटर उष्ण पाण्यात पंधरा मिनिटांत आतील अस्तराचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरल्याचे आढळले. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदी ताट-वाट्यांनाही बंदीच्या कक्षेत आणले.

अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या साखर कारखान्यांच्या परिसरात चिपाडांचे ढीग सर्वांच्या परिचयाचे आहेत. चिपाडांच्या लगद्याचे ताट मुळात तेल व पाणी शोषून घेते. ते शोषू नये म्हणून जगात अनेक उत्पादकांनी फ्लोरिनयुक्त रसायने वापरली. ही रसायने निसर्गात व शरीरात दीर्घकाळ टिकून राहतात. डेन्मार्कने २०२० मध्ये अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांना मनाई केली; अमेरिकेत अन्नाच्या कागदी वेष्टनांसाठी अशा तेलरोधक द्रव्यांची विक्री थांबल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच प्रशासनाने मे २०२५ मध्ये सुपारीच्या झावळीच्या बुडाच्या आवरणापासून केलेली ताटे अन्नासाठी वापरू नयेत असे सांगितले. सुपारीतील अरेकोलिनसारखी द्रव्ये अन्नात उतरू शकतात, ही त्यामागील शंका. कर्नाटकातील उत्पादकांना याचा मोठा धक्का बसला. बांबूचा भुगा मेलामाइनच्या राळेत मिसळून केलेली भांडी 'नैसर्गिक' म्हणून विकली जात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्यांविरुद्ध मोहीम काढली.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये कृषी उपउत्पादनांपासून केलेल्या ताट-वाट्यांसाठी आयएस १८२६७ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात पाने व आवरणे हा कच्चा माल सुचविलेला असून दाबणे, साच्यात घडविणे व टाचणे या रीती सांगितल्या आहेत. पृष्ठभाग गुळगुळीत व कडा बोथट असाव्यात आणि रसायने, राळ व चिकटद्रव्ये वापरू नयेत, असे त्याचे म्हणणे आहे. ग्रामपंचायतीने, शाळेने वा उत्सव समितीने खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून याच मानकाचा लेखी हवाला मागावा. पावतीवर केवळ 'पर्यावरणस्नेही' असे छापलेले असणे म्हणजे हवाला नव्हे.

घरगुती पाहणीही करता येते. ताटाचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी बोटांनी चोळावा. पान वा लगदा विरघळून पारदर्शक पापुद्रा हाती राहिला, तर अस्तर आहे असे समजावे. चिपाडाच्या ताटावर तेलाचा थेंब टाकून पाहावा. तो पसरण्याऐवजी मण्यासारखा उभा राहिला, तर तेलरोधक लेपाची शंका घेण्यास जागा आहे. अर्थात ही केवळ शंका, निर्णय प्रयोगशाळेचा. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधावा. उष्ण, आंबट आणि तेलकट पदार्थ ताटातील द्रव्ये अधिक ओढून घेतात. तेव्हा अस्तराविषयी संशय असलेल्या द्रोणात निदान कढत आमटी वाढू नये.

वर्तमानपत्राचा कागद ताटाखाली चालेल, अन्नाखाली नव्हे. छपाईची शाई अन्नास लागू देण्यास २०१८ च्या अन्नवेष्टन नियमांनी मनाई केली आहे.

राहिला टाचणीचा प्रश्न. घाईच्या ऑर्डरीसाठी काडीऐवजी लोखंडी पिना मारलेल्या पत्रावळी बाजारात येतात. पिन घासात आली, तर लहान मुलाच्या घशाला इजा होते. आणि पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी गावाबाहेर टाकल्या की, भाताच्या वासाने गाई-म्हशी त्या पिनांसकट चघळतात. जनावराच्या पोटात गेलेली तार पुढे हृदयापर्यंत टोचू शकते, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात कोणीही सांगेल. काडीने टाचलेली पत्रावळ मात्र सरळ खतखड्ड्यात टाकता येते.