निकालाआधीची तयारी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो. ज्या घरातून याआधी कोणीच कॉलेजची पायरी चढलेले नाही, तिथे लगेच दुसरा येतो, फीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण अशा घरातल्या मुलामुलींचे प्रवेश पुष्कळदा तिसऱ्याच ठिकाणी अडतात. गुण असतात, सवलतही असते, पण तिच्यासाठी लागणारा दाखला मुदतीत हाती नसतो. म्हणून कॉलेजची तयारी दहावीनंतरच्या सुट्टीतच सुरू करावी, आणि ती अभ्यासाइतकीच कागदपत्रांचीही असावी.

सवलती नाहीत असे नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते. याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासनच भरते. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. पण यातला एकही रुपया नुसत्या गरजेवर मिळत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर आणि आधार जोडलेले बँक खाते हे सारे जुळावे लागते. आधारवर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, एवढ्या कारणानेही अर्ज अडकतो.

सर्वांत जास्त वेळ खाते ते जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी वडिलांकडच्या नात्यातला जुना पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचा. हा पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत सापडतो. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तिथे ती नोंद यायची कुठून? मग कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंदवही, जुने महसुली कागद धुंडाळावे लागतात. सख्ख्या चुलत्याला किंवा चुलत भावंडाला वैधता मिळालेली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत मोठा आधार ठरते. हे काम जूनच्या धावपळीत होणारे नाही.

‘आधी निकाल तर लागू दे’ असे पालक म्हणतात, त्यात अपेक्षाभंगाची धास्ती असते. पण दाखले काढून ठेवल्याने काही बिघडत नाही. अभ्यासक्रम बदलला तरी त्यातले बरेचसे उपयोगी पडतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांना मुदत असते, एवढे ध्यानात ठेवून ते प्रवेशाच्या वर्षी ताजे करून घ्यावेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात. ही तक्रार खरी आहे. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांच्या खोलीचा, खाणावळीचा आणि प्रवासाचा खर्च फीपासून वेगळा मांडला पाहिजे. शुल्क माफ केले तरी राहण्या-जेवणाची सोय नसेल तर गरिबाचे शिक्षण थांबते, हे शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली ती त्यामुळेच. आजही शासकीय वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाइतकाच महत्त्वाचा मानावा. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

‘एवढी यातायात करण्यापेक्षा आयटीआय बरे’ असेही म्हटले जाते. मुलाला यंत्रांची ओढ असेल आणि घराला लवकर मिळकत हवी असेल, तर तो उत्तमच मार्ग आहे. दहावीनंतर पदविका करून पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे. मात्र ही निवड कल पाहून व्हावी, दाखला नव्हता म्हणून नव्हे. घाबरून एजंटामार्फत व्यवस्थापन कोट्यातली जागा घेणे तर सर्वांत महागात पडते. शुल्कसवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, आलेल्यांसाठी असते. ‘खात्रीची सीट’ घेताना ती हातची जाते आणि पूर्ण फी गळ्यात पडते.

हे सगळे पालकांना ठाऊक असायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. शिकलेल्या घरात ही माहिती जेवताना बोलता बोलता मिळते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती देऊ शकणारे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे त्याचे कनिष्ठ महाविद्यालय. अकरावीच्या पहिल्या सत्रातच प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रे तपासून कोणता दाखला कमी आहे हे लेखी सांगणे, हे महाविद्यालयाने आपले नेहमीचे काम मानावे. तसे होत नसेल, तर पालकांनी संकोच सोडून वर्गशिक्षकांना आणि कार्यालयाला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. प्रवेश बंद झाल्यावर मात्र विचारून उपयोग नसतो.