जिवंत पेशीतील कॅल्शियमचे प्रकाशदर्शन

ट्यूबलाइटच्या काचेला आतून पांढरा लेप दिलेला असतो. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून निघणारे जंबुपार किरण डोळ्यांना दिसत नाहीत; परंतु ते या लेपावर पडताच त्यातून दृश्य प्रकाश बाहेर पडतो. या आविष्कारास अनुस्फुरण म्हणतात. आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये कोयनेलचे द्रावण व अन्य पदार्थ अभ्यासून त्याचे विवेचन केले. याच गुणधर्माच्या आधारे आज जिवंत पेशीतील रासायनिक घडामोडी पाहता येतात. त्यासाठी योजलेल्या शोधक रेणूंची रचना कशी केली जाते, हे कॅल्शियमच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

हाडांतील कॅल्शियम सर्वांच्या परिचयाचे आहे. पेशीच्या आत मात्र कॅल्शियमचे आयन निरोप्याचे काम करतात. स्नायूंचे आकुंचन, ग्रंथींतील स्राव, मज्जातंतूंतील संदेशवहन ही कार्ये त्यांच्यावर अवलंबून असतात. विश्रांत पेशीतील मुक्त कॅल्शियमची संहती पेशीबाहेरील संहतीच्या सुमारे दहा हजारांश असते. संदेश मिळताच ती क्षणभर वाढते आणि पुन्हा उतरते. पेशी फोडून पृथक्करण केल्यास हा क्षणिक बदल नाहीसा होतो. म्हणून मोजमाप जिवंत पेशीतच होणे आवश्यक ठरते.

केंब्रिज विद्यापीठात संशोधन करीत असताना रॉजर त्सिएन यांनी हा प्रश्न हाती घेतला. पहिली अडचण निवडीची होती. पेशीत मुक्त मॅग्नेशियम हे मुक्त कॅल्शियमच्या हजारो पट असते. त्सिएन यांनी १९८० मध्ये ‘बाप्टा’ हा रेणू सिद्ध केला. त्याच्या चार आम्लगटांमधील पोकळीत कॅल्शियम नेमके बसते; आकाराने लहान असलेले मॅग्नेशियम तेथे घट्ट धरले जात नाही. पेशीतील आम्लतेच्या किरकोळ चढउतारांचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही.

दुसरी अडचण प्रवेशाची. विद्युत्‌भारित आम्लगट असलेला रेणू पेशीचे स्निग्ध पटल ओलांडू शकत नाही. म्हणून १९८१ मध्ये हे गट एस्टर बनवून झाकण्यात आले. असा रेणू पटलातून आत शिरतो. आतील विकरे ते आच्छादन तोडतात आणि मूळ रेणू आतच अडकून राहतो.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. ‘क्विन-२’ या आरंभीच्या शोधकाचा प्रकाश मंद असल्याने तो मोठ्या प्रमाणात घालावा लागे. मग तो स्वतःच कॅल्शियम शोषून घेई, आणि जे मोजावयाचे तेच बदलून जाई. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्युरा-२’चा प्रकाश सुमारे तीस पटींपर्यंत अधिक असल्याने तो अल्प प्रमाणात पुरतो. शिवाय कॅल्शियम जोडले गेले, की ३४० नॅनोमीटर लांबीच्या किरणांनी मिळणारा प्रकाश वाढतो व ३८० नॅनोमीटरच्या किरणांनी मिळणारा घटतो. या दोहोंचे गुणोत्तर घेतले असता पेशीची जाडी व रंजकाचे प्रमाण यांमुळे येणारी चूक बहुतांशी वजा होते. वजनांत सारख्याच प्रमाणात खोट असली, तरी त्यांनी तोललेल्या दोन वस्तूंचे परस्परप्रमाण खरेच येते, त्यातलाच हा प्रकार.

पुढे जेलीफिशमधील हरित अनुस्फुरक प्रथिनापासून, पेशीने स्वतःच तयार करावेत असे शोधक निर्माण झाले. या प्रथिनाच्या शोध व विकासाबद्दल ओसामू शिमोमुरा, मार्टिन चाल्फी व त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि, दिसणारा प्रत्येक प्रकाश म्हणजे पुरावा नव्हे. रंजक पेशीतून झिरपतो, आतील कप्प्यांत साचतो. तीव्र किरणांनी पेशीस इजाही पोहोचते. म्हणून ज्ञात संहतीच्या द्रावणांशी तुलना करूनच निष्कर्ष काढावे लागतात.

शाळेतही या तत्त्वाचा परिचय करून देता येईल. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद कालवून, नोटा तपासण्याच्या जंबुपार दिव्याखाली अंधारात धरल्यास द्रावण हिरवट पिवळे उजळते. दिव्याकडे थेट पाहू नये व स्पिरिट ज्योतीपासून दूर ठेवावे. मोजणाऱ्या साधनाने मोजावयाची वस्तू बदलता कामा नये, हा शोधक रेणूंच्या इतिहासातील धडाही विद्यार्थ्यांना त्याच वेळी समजावून देता येईल.