दावणीची जनावरे

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला ‘कहत’ म्हणतो, त्याला मराठीत ‘दुष्काळ’ म्हणतात. पाऊस पडला नाही की पीक जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण शेतकऱ्याला त्याहून मोठी काळजी असते ती दावणीच्या जनावरांची.

सातारा जिल्हाच पाहा. पश्चिमेकडील महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील माण तालुक्यात मात्र तो साधारण ५०० मिलिमीटर. कारण ढग सह्याद्रीवरच रिते होतात. तेवढाही पडला नाही, तर ज्वारी वाळते आणि कडबा मिळत नाही. (चारा या शब्दाचा उर्दूत ‘उपाय’ असाही अर्थ आहे. येथे दोन्ही अर्थ लागू पडतात!) कडबा महाग होतो. सगळेच जनावरे बाजारात नेतात, म्हणून बैल स्वस्त होतो. मग पुढच्या पेरणीला बैल कोठून आणायचा? पाऊस आला तरी त्या घरचा दुष्काळ संपत नाही. जनावरे विकावी लागू नयेत, म्हणून २०१९ साली म्हसवडला चारा छावणी होती. जनावरांबरोबर माणसेही छावणीतच राहत.

धनगरांचे निराळे. ते मेंढ्या घेऊन दूरवर जातात. लेंड्यांचे खत मिळावे म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवतात आणि मोबदल्यात धान्य देतात. पण रानेच ओसाड असतील, तर धान्य कोण देणार? कळप पुढे चालत राहतो. त्याच्यामागे तुमच्या वयाची मुलेही चालतात. त्यांची शाळा गावातच राहते.