चिपने उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका

आर्डुइनोचा बोर्ड संगणकाला जोडला, पडद्यावरचे एक बटण दाबले आणि दिवा लुकलुकू लागला, की फार आनंद होतो. २००५ साली इटलीतल्या इव्रिआ गावी हा प्रकल्प सुरू झाला तो नवख्या माणसाला हाच आनंद लवकर मिळावा म्हणून. पण तुमचे उपकरण पंपाच्या पेटीत कायमचे बसवायचे असेल, त्याच्या वीस प्रती करायच्या असतील किंवा पाच वर्षांनी त्यात दुरुस्ती करावी लागणार असेल, तर बोर्ड बाजूला ठेवून नुसत्या चिपवर यावे लागते. मग त्या एका बटणामागे कोणकोणती साधने काम करत होती, हे स्वतः जाणून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

ही कृती त्यासाठी आहे. चिप आहे एटीमेगा३२८पी, म्हणजे आर्डुइनो उनोच्या मूळ बोर्डावर असते तीच. कोरी चिप हातात घेऊन फुकट मिळणाऱ्या साधनांनी तिच्यात प्रोग्राम कसा घालायचा आणि घड्याळ कसे पारखायचे, ते टप्प्याटप्प्याने पाहू. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. प्रत्येक टप्प्यावर चिपला एक प्रश्न विचारा आणि तिचे उत्तर आल्याशिवाय पुढचा टप्पा घेऊ नका. शिकवताना मी पाहिले आहे की मुले जोडणी, प्रोग्राम, फ्यूज (चिपचे मूलभूत पर्याय ठरवणारे बिट) असे सगळे एकदम करतात, दिवा लागत नाही आणि चूक या तिघांपैकी कुठे आहे ते शोधण्यात रात्र जाते.

साहित्य

२८ पिनांची एटीमेगा३२८पी, यूएसबीएएसपी प्रोग्रामर आणि त्याची दहा तारांची केबल, ब्रेडबोर्ड, १० किलोओहम आणि ४७० ओहमचा एकेक रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, एक एलईडी, यूएसबी-सीरियल जोडणीचा छोटा बोर्ड आणि फ्रिक्वेन्सी मोजू शकणारा मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सगळे एका फेरीत मिळते. चिप घेताना नावाच्या शेवटी ‘पी’ आहे ना, ते भिंगातून पाहून घ्या. कारण पुढे येईलच.

जोडणी

चिपची खाच डावीकडे ठेवली की खालच्या रांगेत डावीकडची पहिली पिन १. पिन ७ आणि २० ला ५ व्होल्ट, पिन ८ आणि २२ ला ग्राउंड. पिन २० हा अॅनालॉग भागाचा पुरवठा आहे. अॅनालॉग काही वापरायचे नसले तरी ती जोडायचीच. दोन्ही पुरवठ्यांजवळ एकेक कपॅसिटर, चिपला जितका खेटून बसेल तितका चांगला. पिन १ म्हणजे रीसेट, तिला १० किलोओहममधून ५ व्होल्ट.

आता प्रोग्रामरची केबल. दहा पिनांच्या जोडात १ वर मोझी (चिपकडे जाणारी माहिती), २ वर ५ व्होल्ट, ५ वर रीसेट, ७ वर घड्याळ, ९ वर मिझो (चिपकडून येणारी माहिती) आणि १० वर ग्राउंड. हे अनुक्रमे चिपच्या १७, ७, १, १९, १८ आणि ८ या पिनांना जायचे. मोझी मोझीला आणि मिझो मिझोलाच जोडायची. सीरियल जोडणीसारखी इथे अदलाबदल करायची नाही. एलईडी पिन १४ वर ४७० ओहममधून, दुसरे टोक ग्राउंडला.

या टप्प्याचे उत्तर मल्टिमीटर देतो. प्रोग्रामर संगणकाला लावा आणि थेट चिपच्या पायांवर, ब्रेडबोर्डच्या भोकात नव्हे, ७ आणि ८ मध्ये व्होल्टेज मोजा, मग २० आणि २२ मध्ये. दोन्हीकडे ५ व्होल्टच्या आसपास आकडा हवा.

साधने

उबुंटू किंवा डेबियनवर पाच पॅकेज पुरतात: जीसीसी-एव्हीआर, बिनयुटिल्स-एव्हीआर, एव्हीआर-लिबसी, एव्हीआरड्यूड आणि मेक. पहिले सी भाषेतून यंत्रभाषा करते, दुसरे तुकडे जोडते आणि फाइलींचे प्रकार बदलते, तिसऱ्यात या चिपांसाठीची सी लायब्ररी आहे, चौथे प्रोग्राम चिपमध्ये उतरवते. विंडोजवर यूएसबीएएसपीसाठी झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामने ड्रायव्हर बसवावा लागतो. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, पण परवानगी लागते. ती नसली की लोक प्रत्येक आज्ञेआधी सुडो लावत बसतात. त्यापेक्षा युडेव्हमध्ये विक्रेता क्रमांक १६सी० आणि उत्पादन क्रमांक ०५डीसी यांसाठी एक ओळीचा नियम एकदाच लिहून टाका.

जीसीसीसारखा सर्वसाधारण कम्पायलर एवढ्याशा चिपसाठी इतका नेटका कोड कसा काढतो, असा प्रश्न पडतो. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला शिकत असताना आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांनी एव्हीआरची, म्हणजे एटीमेगा ज्या कुळातली आहे त्याची, कल्पना मांडली, आणि तिचा आदेशसंच पक्का होत असतानाच आयएआर या कंपनीतल्या कम्पायलर लिहिणाऱ्यांचा सल्ला घेतला गेला. सी भाषा मनात ठेवूनच ही चिप घडली आहे. आपल्याकडे अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षे शिकवल्या गेलेल्या ८०५१ या चिपमागे असा विचार नव्हता. म्हणून ८०५१ वरून आलेल्याला इथे हायसे वाटते.

पहिला प्रश्न: तू कोण?

टर्मिनल उघडा आणि लिहा: एव्हीआरड्यूड -पी एम३२८पी -सी यूएसबीएएसपी -बी १०. टाइप करताना सगळे रोमन लिपीत, शेवटचा बी कॅपिटल आणि बाकी सगळे स्मॉल. अजून काही लिहायचे नाही, पुसायचे नाही, फक्त ओळख विचारायची. उत्तरात १ई ९५ ०एफ ही सही यायला हवी.

बहुतेकांची गाडी इथे अडते ती ‘-बी १०’ गाळल्यामुळे. कारखान्यातून चिप येते तेव्हा तिचे आतले घड्याळ ८ मेगाहर्ट्झचे असते, पण आठाने भागून ते १ मेगाहर्ट्झवर ठेवलेले असते. प्रोग्रामरचे घड्याळ चिपच्या घड्याळाच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी असावे लागते, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या आत. यूएसबीएएसपी स्वतःहून त्याहून वेगाने बोलू पाहतो, चिपला ते झेपत नाही आणि ‘उत्तर येत नाही’ असा निरोप दिसतो. बी १० म्हणजे एका ठोक्याला १० मायक्रोसेकंद, अर्थात १०० किलोहर्ट्झ. काही स्वस्त प्रोग्रामर हा वेग बदलता येत नाही अशी तक्रार करतात. तेव्हा त्यांच्या बोर्डावर जेपी३ असे लिहिलेली दोन भोके शोधा आणि ती तारेच्या तुकड्याने जोडा. प्रोग्रामर संथ होतो आणि काम भागते.

सही १ई ९५ १४ आली तर चिप ‘पी’ नसलेली आहे. एकदा माझ्या पाच चिपांच्या पट्टीत दोन अशा निघाल्या आणि मी तासभर तारा तपासत बसलो. चिप वाया गेलेली नाही, आज्ञेत एम३२८पी ऐवजी एम३२८ लिहा. सही सगळी शून्ये किंवा सगळे एफ आली तर मिझो, घड्याळ आणि रीसेट या तारा पुन्हा बघा.

आता याच आज्ञेपुढे फ्यूज वाचण्याचे पर्याय जोडा आणि एलफ्यूज, एचफ्यूज वाचा. कोऱ्या चिपमध्ये ६२ आणि डी९ हे आकडे असतात. ते वहीत लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न: तुझा सेकंद किती मोठा?

प्रोग्राम अगदी लहान. डीडीआरबी रजिस्टरचा शून्य क्रमांकाचा बिट १ केला की पिन १४ आउटपुट होते. मग न संपणाऱ्या लूपमध्ये पिनबी रजिस्टरच्या त्याच बिटवर १ लिहायचा आणि ५०० मिलिसेकंद थांबायचे. पिनबी हे खरे तर वाचण्याचे रजिस्टर, पण या चिपमध्ये त्यावर १ लिहिला की पिनेची स्थिती उलटते. चालू-बंद असे दोनदा लिहावे लागत नाही.

कम्पाइल करताना चार गोष्टी सांगाव्या लागतात: चिपचे नाव, घड्याळाचा वेग (एफ_सीपीयू, सध्या १० लाख), आकार लहान ठेवणारे ओ-एस हे ऑप्टिमायझेशन आणि सगळ्या सूचना दाखवणारा डब्ल्यू-ऑल. ऑप्टिमायझेशन बंद असेल तर लायब्ररीतले थांबण्याचे फंक्शन वेळ पाळत नाही. कम्पायलर ईएलएफ फाइल देतो, ऑब्जकॉपी तिची हेक्स करते आणि एव्हीआरड्यूड ती चिपमध्ये लिहून पुन्हा वाचून ताडून पाहते. हे सगळे एका मेकफाइलमध्ये घाला. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिले. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाही. तुमचा संपादक गुपचूप टॅबच्या जागी स्पेस घालत असेल तर ते आधी बंद करा.

दिवा लुकलुकला म्हणून समाधान मानू नका. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लागतो ते मोजा. ६० च्या जवळपास यायला हवे. सात-आठच वेळा लागत असेल तर तुम्ही एफ_सीपीयू ८० लाख लिहिले आहे आणि चिप मात्र १ मेगाहर्ट्झवर धावते आहे. दिवा तरीही लुकलुकतो, म्हणूनच ही चूक लपून राहते आणि पुढे सीरियलच्या टप्प्यावर त्रास देते.

फ्यूज

इथे सावकाश. फ्यूजमध्ये ० म्हणजे ‘लागू’ आणि १ म्हणजे ‘लागू नाही’. हा उलटा संकेत डोक्यात पक्का बसेपर्यंत काहीही लिहू नका. आपल्याला फक्त आठाने भागणे बंद करायचे आहे. ६२ चे बिट ०११० ००१०. सर्वांत डावीकडचा ० तो भागाकाराचा. तो १ केला की १११० ००१० म्हणजे ई२. एवढा एकच आकडा एलफ्यूजमध्ये लिहायचा. एचफ्यूजला हात लावायचा नाही. त्यात रीसेट पिन बंद करणारा आणि प्रोग्रामरची वाटच बंद करणारा असे दोन बिट आहेत. ते चुकले तर १२ व्होल्टच्या वेगळ्या प्रोग्रामरशिवाय चिप पुन्हा उघडत नाही.

मी एकदा बोर्डावर क्रिस्टल नसताना एलफ्यूजमध्ये क्रिस्टलचा आकडा लिहिला. चिपला घड्याळच उरले नाही, ती गप्प झाली. ती मेलेली नव्हती. दुसऱ्या एका चिपमधून चौकोनी लहर काढून या चिपच्या पिन ९ ला दिली, तेव्हा तिने सही सांगितली आणि फ्यूज परत लिहिता आला. तुमच्यावर ही वेळ आली तर चिप फेकण्याआधी हे करून पाहा.

ई२ लिहिल्यावर प्रोग्राम तसाच ठेवा. दिवा आठपट वेगाने फडफडला पाहिजे. तेच फ्यूज लागू झाल्याचे उत्तर. मग एफ_सीपीयू ८० लाख करा, पुन्हा उतरवा, पुन्हा मिनिटभर मोजा.

तिसरा प्रश्न: बोलता येते का?

दिवा हो-नाही एवढेच सांगतो. प्रोग्रामच्या आत काय चालले आहे हे वाचायला सीरियल हवे. चिपची पिन ३ (पाठवणारी) यूएसबी-सीरियल बोर्डाच्या आरएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. बोर्ड ५ व्होल्टचा असावा. ८ मेगाहर्ट्झला ९६०० बॉडसाठी यूबीआरआर रजिस्टरमध्ये ५१. गणितातली चूक फक्त ०.२ टक्के. ११५२०० चा मोह इथे टाळा. याच घड्याळातून तो आकडा साध्या पद्धतीने काढला तर चूक ८.५ टक्क्यांवर जाते, आणि आठ बिटांच्या साध्या पद्धतीत दोन टक्क्यांपलीकडची चूक धोक्याची.

तरीही पडद्यावर विचित्र खुणा आल्या तर दोष आतल्या घड्याळाचा असतो. कारखान्यातून ते १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते. ते मोजायची एक सुंदर युक्ती आहे. इंग्रजी कॅपिटल ‘यू’ हे अक्षर सलग, मध्ये न थांबता पाठवत राहा. त्याचे बिट एकाआड एक ०-१ असे आहेत, आणि सुरुवातीचा व शेवटचा बिट धरून तारेवर अखंड चौकोनी लहर तयार होते. ९६०० बॉडला ती बरोबर ४८०० हर्ट्झची असते. पिन ३ आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर फ्रिक्वेन्सीवर लावा. ४६५० दिसले तर घड्याळ तीन टक्के मागे आहे. आतल्या घड्याळाचा वेग जुळवणाऱ्या ऑसकॅल रजिस्टरचा आकडा एकेकाने वाढवत ४८०० जवळ आणा. रीसेट झाले की चिप कारखान्याचा आकडा परत उचलते, म्हणून सापडलेला आकडा ईईप्रॉममध्ये ठेवा आणि प्रोग्रामच्या सुरुवातीलाच तिथून वाचून ऑसकॅलमध्ये लिहा. प्रत्येक चिपचा आकडा वेगळा येतो. वीस प्रती करणार असाल तर वीस वेळा मोजावे लागेल. ते नको असेल तर बाहेरचे क्रिस्टल लावा.

जागा किती उरली

चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चलांसाठी फक्त २ किलोबाइट. प्रत्येक वेळी मेकच्या शेवटी एव्हीआर-साइझ चालवा. टेक्स्ट अधिक डेटा म्हणजे फ्लॅशचा खर्च, डेटा अधिक बीएसएस म्हणजे रॅमचा, आणि स्टॅक त्याहून वेगळा. पडद्यावर दाखवायचे तीस अक्षरांचे चाळीस संदेश साध्या सी पद्धतीने लिहिले, तर ते रॅममध्ये उतरतात आणि निम्म्याहून अधिक जागा खातात. असे मजकूर प्रॉगमेम लावून फ्लॅशमध्येच ठेवा.

सगळे एका फोल्डरमध्ये

सी फाइली, मेकफाइल, चिपचे डेटाशीट, जोडणीचे चित्र, फ्यूजचे आकडे आणि कम्पायलरची आवृत्ती लिहिलेली एक साधी मजकूर फाइल, हे सगळे गिटमध्ये घाला. ज्या हेक्स फाइलने उपकरण प्रत्यक्षात चालले, तीसुद्धा. मग हे फोल्डर तुमच्या नव्हे, मित्राच्या संगणकावर उतरवा, तीच आवृत्ती बसवा आणि मेक चालवा. तयार झालेली हेक्स फाइल तुमच्याशी ओळीनओळ जुळली पाहिजे. जुळली नाही तर कुठली तरी गोष्ट अजून फक्त तुमच्या संगणकावर आहे. ती शोधा, फोल्डरमध्ये घाला आणि पुन्हा मेक चालवा.