इंग्लंडचा विनोद आणि अमेरिकेचा विनोद : दोन कचेऱ्यांची तुलना



इंग्रजीच्या तासाला दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा विषय निघाला कीं वर्गांत लागलीच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "इंग्लंडचा विनोद कडवट; त्यांत माणसाची नुसती फजिती." दुसरा म्हणतो, "अमेरिकेचा विनोद गोडगोड. शेवटीं सर्वांचें भलें व्हावयाचेंच." दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु असें कां, हें विचारलें म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळतें : "त्या लोकांचा स्वभावच तसा!" हें उत्तर सोपें आहे, आणि सोपें आहे म्हणूनच त्याविषयीं सावध असावें. कोट्यवधि माणसांच्या गळ्यांत एकाच स्वभावाची पाटी अडकविणें म्हणजे अभ्यास नव्हे.

दोन वस्तूंतील भेद पाहावयाचा असेल, तर त्या शक्य तितक्या सारख्या निवडाव्या. म्हणजे जो फरक उरेल, त्याचें कारण शोधणें सोपें जातें. प्रयोगशाळेंत आपण हेंच करतों. सुदैवानें विनोदाच्या प्रांतांतही असा एक प्रयोग आयताच तयार आहे.

जुलै २००१ मध्यें इंग्लंडांतील बी. बी. सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर 'द ऑफिस' ही मालिका सुरू झाली. ती रिकी जर्व्हेज व स्टीफन मर्चंट ह्या दोघांनीं लिहिली व दोघांनींच दिग्दर्शित केली. लंडनच्या पश्चिमेस स्लाउ नांवाचें शहर आहे. तेथें कागद विकणाऱ्या एका कंपनीची ही कचेरी. कोणी एक पथक ह्या कचेरीवर माहितीपट काढीत आहे अशी कल्पना असल्यामुळें पात्रें मधून मधून कॅमेऱ्याकडे पाहतात व त्याच्याशीं बोलतात. पाठीमागें प्रेक्षकांचा हशा नाहीं. कोठें हंसावें हें आपलें आपणच ठरवावयाचें. कचेरीचा मुख्य डेव्हिड ब्रेंट. ही भूमिका स्वतः जर्व्हेज ह्यांनीं केली आहे. आपण मोठे विनोदी व मोठे लोकप्रिय आहों, असा ब्रेंटचा ठाम समज. तो तसा नाहीं, हें त्याच्यावांचून सर्वांस ठाऊक.

मार्च २००५ मध्यें हीच मालिका, ह्याच नांवानें, अमेरिकेंतील एन. बी. सी. वाहिनीवर नव्यानें उभी राहिली. तिची मांडणी ग्रेग डॅनियल्स ह्यांनीं केली. शहर पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील स्क्रँटन, कंपनी कागदाचीच, ब्रेंटच्या खुर्चीवर मायकेल स्कॉट, आणि त्या भूमिकेंत स्टीव्ह करेल. पहिला भाग तर इंग्रजी संहितेवरून जवळजवळ जसाच्या तसा घेतलेला होता. (ह्याच बीजाचें एक रोप आपल्या देशांतही लागलें : २०१९ मध्यें ही कचेरी हिंदी बोलूं लागली व फरिदाबाद येथें थाटली गेली. परंतु आज आपण पहिल्या दोघींपुरतेंच पाहूं.)

दोन्ही मालिकांच्या पहिल्या भागांत एक प्रसंग समान आहे. दारापाशीं बसून फोन घेणाऱ्या मुलीला हा मुख्य साहेब, एका नव्या माणसापुढें शेखी मिरविण्यासाठीं, आंत बोलावतो. कचेरींतील कागदी चिठ्ठ्या चोरल्याचा आळ तिच्यावर घेतो आणि नोकरीवरून काढल्याचें सांगतो. ती रडूं लागते. मग तो म्हणतो, ही तर थट्टा! कोणालाच हंसूं येत नाहीं. येथपर्यंत दोन्ही कचेऱ्या एक आहेत. आतां ह्या थट्टेचें पुढें काय होतें तें पाहा.

इंग्लंडांत ती थट्टा उलटून ब्रेंटच्याच अंगावर येते. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस, २००२ सालीं, कंपनी खरोखरच त्याला काढून टाकते. ही वार्ता कानीं पडते त्या दिवशीं धर्मादाय निधीसाठीं त्यानें शहामृगाचें सोंग घेतलेलें असतें. पुढें तो वरिष्ठांपुढें डोळ्यांत पाणी आणून विनवितो कीं मला काढूं नका. नोकरी जाण्याची थट्टा करणारा मनुष्य नोकरीसाठीं पदर पसरतो, आणि आपण हंसावें कीं मान खालीं घालावी, हें कळेनासें होतें.

अमेरिकेंत त्या फोन घेणाऱ्या मुलीचें नांव पॅम. तिला चित्रकलेची आवड आहे. २००७ सालच्या एका भागांत तिच्या चित्रांचें लहानसें प्रदर्शन भरतें. कचेरींतले बहुतेक सहकारी फिरकतही नाहींत. जे येतात, त्यांच्यापैकीं एकाचे शब्द तिच्या कानीं पडतात व तिचें मन मोडतें. ती चित्रें उतरवूं लागते, इतक्यांत मायकेल धापा टाकीत येतो. त्यांच्या कचेरीच्या साध्या इमारतीचें तिनें काढलेलें चित्र तो पाहतो, मनापासून त्याची वाखाणणी करतो, तें विकत घेतो आणि कचेरीच्या भिंतीवर लावतो. पहिल्या दिवशीं जिला त्यानें रडविलें, तिचे डोळे त्याच्याचमुळें पुन्हां भरून येतात. पण ह्या वेळीं कारण निराळें असतें.

एकच बीज, आणि फळें इतकीं निराळीं! हा दोन राष्ट्रांच्या स्वभावाचा भेद आहे काय? कांहीं अंशीं असेल. परंतु स्वभावाकडे वळण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारावे : पैसा कोण देतो? लिहितो कोण? आणि भाग किती?

बी. बी. सी. ही संस्था मुख्यतः घरोघरच्या प्रेक्षकांनीं भरलेल्या वार्षिक परवाना-शुल्कावर चालते. तिच्या मायदेशींच्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात; त्यामुळें अर्ध्या तासाच्या भागांत जवळजवळ संपूर्ण अर्धा तास गोष्टीला मिळतो. एका पर्वांत सहा भाग हा तेथील रूढ प्रघात. ते बहुधा एक किंवा दोन लेखक लिहितात, आणि सांगण्यासारखें संपलें म्हणजे थांबतात. 'द ऑफिस'चीं सहा-सहा भागांचीं दोन पर्वें झालीं, २००३ च्या नाताळांत दोन विशेष भाग झाले, आणि खेळ आटोपला : अवघे चौदा भाग. त्यापूर्वी जॉन क्लीझ व कॉनी बूथ ह्यांनीं लिहिलेली 'फॉल्टी टॉवर्स' ही तापट हॉटेलवाल्याची मालिका १९७५ व १९७९ ह्या दोन सालीं मिळून बारा भागांतच संपली.

अमेरिकेंतील मोठ्या वाहिन्यांचा संसार जाहिरातींवर चालतो. अर्ध्या तासांतून जाहिराती वजा जातां गोष्टीला बावीस मिनिटांच्या आसपास उरतात. भाग मात्र वर्षाला वीस-बावीस लागत. इतकें लेखन एकट्यादुकट्याच्या हातून होणें नाहीं. म्हणून एका खोलींत दहा-बारा लेखक बसून वाद घालीत, एकमेकांचे विनोद खोडीत व सुधारीत लिहितात. शिवाय शंभराच्या आसपास भाग झाले म्हणजे ती मालिका गांवोगांवच्या वाहिन्यांस रोजच्या पुनःप्रक्षेपणासाठीं विकतां येई, आणि खरा नफा तेथेंच असे. अमेरिकेंतील 'ऑफिस' मे २०१३ पर्यंत, म्हणजे नऊ पर्वें, चाललें. भाग सुमारें दोनशें झाले.

आतां विचार करा. चार घटकांसाठीं आलेल्या पाहुण्याची बढाई व तिरसटपणा आपण मजेनें सोसतों. गेल्यावर त्याच्या नकलाही करतों. परंतु तोच पाहुणा नऊ वर्षें मुक्कामाला राहिला तर? एक तर त्यानें सुधारलें पाहिजे, नाहीं तर आपण दार लावून घेतलें पाहिजे. अमेरिकन मालिकेच्या कर्त्यांना हें लौकरच उमगलें. सहा भागांच्या पहिल्या पर्वानंतर त्यांनीं मायकेलला थोडा मऊ केला : मूर्खपणा तोच, पण आंत एकाकी व प्रेमळ माणूस. ज्याला मऊ करतां येत नाहीं, तो तेथें टिकत नाहीं. 'फॉल्टी टॉवर्स' अमेरिकेंत नेण्याचा प्रयत्न तीन वेळां झाला. १९८३ च्या प्रयत्नांत तर त्या तापट मालकाची भूमिकाच गाळली होती. तिन्ही प्रयत्न फसले.

युद्धावरील दोन मालिका ह्याच दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत. 'ब्लॅकॲडर गोज फोर्थ' ही १९८९ सालची इंग्रजी मालिका पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत घडते. सहाच भाग, आणि शेवटच्या भागाच्या अंतीं ज्यांच्याबरोबर आपण हंसलों ते सर्व शत्रूच्या गोळ्यांसमोर धांवत जातात, व तें रणांगण विरून तेथें फुलांचें शेत दिसूं लागतें. अमेरिकेंतील 'मॅश' ही कोरियाच्या युद्धांतील लष्करी रुग्णालयाची गोष्ट. तें युद्ध १९५० ते १९५३, म्हणजे तीन वर्षें चाललें. मालिका मात्र १९७२ ते १९८३, अकरा वर्षें चालली! तिच्या शेवटच्या भागांत युद्ध संपतें व मित्र एकमेकांचा निरोप घेऊन घरीं जातात. अमेरिकेंतील दहा कोटींहून अधिक लोकांनीं तो भाग पाहिला. अकरा वर्षांच्या सोबत्यांना मृत्यूच्या तोंडीं देणें कोणाला साधलें असतें? ह्याचा अर्थ 'मॅश' उथळ होती असा नव्हे. जखमा, मरण व शोक तिच्यांतही आहेत. परंतु दीर्घ सहवासाचा शेवट निरोपानें होतो, आणि अल्प सहवासाचा शेवट आघातानें करतां येतो.

प्रामाणिक अभ्यासकानें आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही मांडावा. 'लास्ट ऑफ द समर वाइन' ही यॉर्कशायरमधील वृद्ध मित्रांची मालिका इंग्लंडचीच. पण ती १९७३ पासून २०१० पर्यंत चालली, तिचे सर्व भाग रॉय क्लार्क ह्या एकाच लेखकानें लिहिले, आणि ती सौम्य व मायाळू आहे. म्हणजे इंग्रज स्वभाव कडवटच, हें खरें नाहीं. उलट अमेरिकेची 'साइनफेल्ड' (१९८९ ते १९९८) पाहा. पात्रांनीं एकमेकांना मिठी मारावयाची नाहीं व कोणताही धडा शिकावयाचा नाहीं, असा तिच्या कर्त्यांचा दंडकच होता. अखेर चौघेही तुरुंगांत जातात. लांबलचक मालिकाही गोड न होतां चालूं शकते, हें तिनें दाखविलें. मात्र असा दंडक मुद्दाम घालावा लागला, ह्यावरूनच प्रचलित रीत कोणती होती तें कळतें. पुढें आर्मांडो इयानुची ह्या ब्रिटिश लेखकानें २०१२ मध्यें 'व्हीप' ही अमेरिकन राजकारणावरची मालिका सुरू केली. तिची वाहिनी वर्गणीवर चालणारी, जाहिराती नाहींत, पर्वें दहा भागांच्या आंतबाहेर. आणि विनोद कारल्यासारखा कडू! देश बदलला नाहीं. पैशाची व कामाची व्यवस्था बदलली, हातही बदलला, आणि चव बदलली.

तर मग दोहोंत श्रेष्ठ कोणता? ह्या प्रश्नापेक्षां दुसरा एक प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो : मूर्ख मनुष्य बदलूं शकतो काय? दोन्ही कचेऱ्या आपापल्या परीनें हाच प्रश्न विचारतात. अमेरिकन कचेरी म्हणते, होय. पण त्याला वेळ द्या, त्याच्याजवळ बसा, त्याचे शंभर अपराध पोटांत घाला. इंग्रजी कचेरी म्हणते, फार थोडा, आणि फार उशिरां. नाताळच्या विशेष भागांत ब्रेंट एका सभ्य स्त्रीविषयीं वाईट बोलणाऱ्या आपल्या दांडग्या मित्राला प्रथमच तोंडावर झिडकारतो. आणि नंतर फोटो काढतांना त्याच्या एका विनोदावर सहकारी खरोखर हंसतात. चौदा भागांत त्याला मिळालेला हा खरा हशा. म्हणूनच त्याचें मोल इतकें.

शिक्षकाला ब्रेंट परका वाटत नाहीं. वर्गापुढें मोठ्या ऐटीनें विनोद करावा आणि कोणीही हंसूं नये, हा अनुभव मीं घेतला आहे. त्या क्षणीं फळ्याकडे वळून उगाच अक्षरें पुसत राहण्याखेरीज गत्यंतर नसतें. आणि तुमच्याही वर्गांत एखादा बढाईखोर मुलगा असेलच. इंग्रजी विनोद तुम्हांस विचारतो, "तो तूंच तर नाहींस ना?" अमेरिकन विनोद विचारतो, "त्याच्याबरोबर राहून पाहिलेंस काय?" दोन्ही प्रश्न आपल्याला लागू आहेत, एक आरशापुढें उभें असतांना, दुसरा शेजारच्या बाकाकडे पाहतांना.

पालकांस एक विनंती आहे. मुलें ह्या मालिका पाहतात. तेव्हां 'बंद कर' एवढेंच न म्हणतां एखादा भाग त्यांच्याबरोबर बसून पाहावा आणि शेवटीं विचारावें : ह्याचा पैसा कोणीं दिला, हें किती जणांनीं लिहिलें, ह्याचे भाग किती, आणि ज्याला आपण हंसलों त्याचें अखेर काय झालें? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधून सांपडतील. चौथ्याचें उत्तर देतांना मुलगा काय बोलतो, तें मात्र लक्ष देऊन ऐकावें.