तेरा माणसांसाठी स्कॉटलंडमधला वाडा

वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन कुठे करायचे, यावर आमच्या घरात दोन महिने खल चालला होता. पुण्याहून आम्ही सहा जण, एडिंबरातली बहीण आणि तिच्या घरचे तिघे, लंडनचा भाचा, त्याची बायको आणि बाळ, असे मिळून तेरा. एका छपराखाली सगळे मावतील आणि वडिलांना सकाळी उठल्यावर नातवंडांचे आवाज ऐकू येतील, एवढीच आईची अट होती. शेवटी स्कॉटलंडच्या खेड्यातले एक जुने, दगडी, प्रशस्त घर आठवडाभरासाठी घेतले. नंतर आणखी दोन कुटुंबांना असेच घर ठरवून दिले. त्यातून तयार झालेली ही कृती. सुरुवात निदान दहा महिने आधी करावी.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे. फोटो बघायला बसण्याआधी येणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा आणि पुढे त्याची अडचण लिहा. कोणाचे गुडघे दुखतात, कोण रात्री तीनदा उठते, कोणाला वेगळी खोली लागते, बाळ कोणाच्या खोलीत झोपणार. आमच्या यादीत वडिलांच्या नावापुढे ‘जिना नको, संडास खोलीला लागून’ असे लिहिले होते आणि त्या एका ओळीने अर्धी घरे बाद झाली. बुरूज आणि तोफा पाहून घर पसंत करायचे आणि मग त्यात माणसे कोंबायची, ही चूक बहुतेक जण करतात. आपल्याकडे वाड्यात राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. माडीवरच्या काळोख्या जिन्याने आजीला कितीदा अडवले, हे त्याने पाहिलेले असते.

मग घराची जात ओळखायला शिका. जाहिरातीत सगळ्यालाच ‘कासल’ म्हणतात, पण आत तीन अगदी निरनिराळ्या वास्तू असतात. पहिली टॉवर हाऊस: पंधराव्या ते सतराव्या शतकातली, उभीच्या उभी, बहुधा एका मजल्यावर एक-दोनच खोल्या आणि वर जायला दगडी चक्री जिना. किन्टायर द्वीपकल्पातला सॅडेल कासल हा तिचा सुंदर नमुना. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एका बिशपने बांधलेला, समोर समुद्र, आणि आज लँडमार्क ट्रस्ट ही संस्था तो सुट्टीसाठी भाड्याने देते. आठ जणांची सोय आहे, पण हे आठही जण जिने चढणारे हवेत. त्या जिन्याच्या पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होत जातात, हातात चहाचा कप घेऊन उतरण्यासारख्या त्या नाहीत.

दुसरी अठराव्या शतकातली जमीनदाराची हवेली. रुंद जिना, उंच खिडक्या, समतोल दर्शनी भाग. एअरशायरमधले ऑकिनलेक हाऊस 1760 च्या सुमारास पुरे झाले. चरित्रकार जेम्स बॉस्वेलच्या वडिलांनी ते बांधून घेतले आणि 1773 मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन तिथे पाहुणे म्हणून आले, तेव्हा यजमान आणि पाहुणे राजकारणावरून कडाडून भांडले. तेही आज लँडमार्क ट्रस्टकडून मिळते आणि तेरा जणांना पुरते. तिसरी व्हिक्टोरियन शिकारी लॉज. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाने 1852 मध्ये बालमोरल घेतले आणि तिथे नवा राजवाडा उभारला, त्यानंतर डोंगराळ भागात शिकारीसाठी घरे बांधण्याची लाटच आली. दिसायला टोकदार बुरूज, पण आत भरपूर शयनगृहे, चिखलाचे बूट काढायची वेगळी खोली आणि ओले कपडे वाळवायची जागा. आजी-आजोबा सोबत असतील तर माझा कौल दुसऱ्या किंवा तिसऱ्या जातीला. टॉवर हाऊस तरुण मित्रमंडळींनी घ्यावे.

ठिकाण ठरवताना नकाशावरचे अंतर बघू नका, वेळ बघा. ग्लासगोहून किन्टायरला जाताना ए-83 हा रस्ता ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ नावाच्या खिंडीतून जातो आणि तिथे पावसाळी दिवसांत दरड कोसळून वाहतूक वळवली जाते. लांबचा विमानप्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी हे नको. पहिल्या खेपेला पर्थशायर, स्टर्लिंगचा परिसर, फाइफ, बॉर्डर्स किंवा एअरशायर निवडा. विमानतळापासून साधारण दीड तासाच्या आत पुष्कळ चांगली घरे सापडतात.

महिना मेचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरअखेर. मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर, मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे संध्याकाळी वारा पडला की अंगणात बसू देत नाहीत. स्कॉटलंडच्या शाळा जूनअखेर बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्यात उघडतात, इंग्लंडच्या सुट्ट्या त्यापुढेही चालतात, म्हणून त्या काळात भाडे चढलेले असते. मेमध्ये उजेड रात्री नऊच्या पुढेही असतो. डिसेंबरात साडेतीन-चारला काळोख होतो. शेकोटीसाठी तेव्हा जरूर जावे, भटकंतीसाठी जाऊ नये.

घर हेरले की पैसे पाठवण्याआधी परवाना तपासा. स्कॉटलंडमध्ये 2022 च्या आदेशाने सुट्टीसाठी भाड्याने देण्याच्या घरांना स्थानिक कौन्सिलचा परवाना लागू झाला. जाहिरातीत परवान्याचा क्रमांक आणि जास्तीत जास्त किती माणसे राहू शकतात तो आकडा छापलेला असायला हवा. कौन्सिलची परवान्यांची नोंदवही सर्वांना पाहता येते. तिच्यात क्रमांक, पत्ता आणि माणसांचा आकडा जुळवून बघा. खऱ्या वाड्याचे फोटो लावून खोट्या खात्यात पैसे मागणारे लोक असतात, त्यांच्यावर हा सोपा उतारा आहे. आकडा बारा असेल आणि तुम्ही तेरा असाल तर ‘एक जण सोफ्यावर झोपेल’ असे मनात म्हणू नका. बाळ मोजतात की नाही, हेही लेखी विचारा.

त्याच पत्रात बाकीचे प्रश्न विचारून घ्या. तळमजल्यावर शयनगृह आणि स्नानगृह आहे का? स्नानगृहे किती, आणि गरम पाणी एकामागून एक किती जणांना पुरते? तापवण्याचे इंधन भाड्यात धरले आहे की वेगळे? नळाला पाणी कौन्सिलचे की घराच्या झऱ्याचे? डोंगराळ भागात झऱ्याचे पाणी दलदलीच्या मातीतून येते, त्यामुळे फिक्या चहासारखे तांबूस दिसू शकते. ते तपासून आणि गाळून येते का, एवढे विचारावे. चूल कोणती, हा प्रश्न विसरू नका, त्याकडे पुढे येते. आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निरांजनाचा होता. सहस्रचंद्रदर्शनाला औक्षण हवेच, आणि जुन्या घरांत उघड्या ज्योतीला बहुधा बंदी असते. आईने तो प्रश्न मला स्वतः लिहायला लावला. घराची देखरेख करणाऱ्या बाईंचे उत्तर आले, की स्वयंपाकघरातल्या दगडी फरशीवर, एका माणसाच्या नजरेखाली, चालेल. न विचारता दिवे लावले असते तर त्यांचा विश्वास गेला असता.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुष्कळ तक्रारी मनात उगवतच नाहीत. अशी घरे बहुधा संरक्षित वास्तूंच्या यादीत असतात. स्कॉटलंडमध्ये त्यांच्या ए, बी आणि सी अशा श्रेणी आहेत. वास्तूचे रूप बदलेल असा फेरफार, अगदी खिडकी बदलणेसुद्धा, परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून काचा एकेरी असतात, लिफ्ट नसते, वाऱ्याची शीळ ऐकू येते. लँडमार्क ट्रस्टच्या घरांत तर टीव्ही मुद्दाम ठेवत नाहीत. पुस्तकांचे कपाट आणि पाहुण्यांनी लिहिलेली वही मात्र असते. हे ज्यांना चालणार नाही त्यांना आधीच सांगा.

आता पैसे आणि व्हिसा, कारण या दोहोंच्या तारखा एकमेकींत अडकतात. बहुतेक ठिकाणी बुकिंगच्या वेळी भाड्याचा काही भाग आणि उरलेले मुक्कामाच्या सहा ते आठ आठवडे आधी द्यावे लागते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. म्हणजे ही मुदत सुरू होताच अर्ज केला, तरच उरलेली रक्कम भरण्याआधी कोण येणार हे कळते. आमच्याकडे एकाचा अर्ज दहा दिवस उशिरा गेला आणि रक्कम भरायच्या आदल्या रात्रीपर्यंत घरात कोणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. रद्द केल्यास किती परत मिळते, ते करारात वाचा. करार एकाच माणसाच्या नावावर होतो, म्हणून त्या माणसाला बाकीच्यांनी आपला हिस्सा आगाऊ द्यावा. समजा भाडे 2,600 पौंड असेल तर तेरा जणांचे 200 होतात, पण बाळाचा हिस्सा धरायचा का, मोठी खोली घेणाऱ्याने जास्त द्यायचे का, हे आधी बोलून टाकावे. नात्यात पैशाचे बोलणे लांबवले की ते कडू होते. ब्रिटनमधल्या नातेवाइकाने तिथल्या क्रेडिट कार्डाने थेट मालकाला पैसे दिले तर आणखी एक आधार मिळतो: 100 ते 30,000 पौंडांच्या व्यवहारात 1974 च्या ग्राहक पतकायद्यानुसार कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते.

गाड्या लगेच ठरवा. साध्या परवान्यावर चालकाखेरीज आठ जणांचीच गाडी चालवता येते, म्हणजे तेरा जणांना दोन गाड्या. भारतीय परवाना पाहुण्याला बारा महिने चालतो. बारा वर्षांखालच्या आणि 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळे आसन लागते. स्कॉटलंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा 2014 पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, म्हणून चालकाने घोटभरही घेऊ नये.

सामानात दूध-तुपाचे पदार्थ नकोत. भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेता येत नाही, त्यामुळे साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. ताज्या भाज्या-फळांच्या भानगडीतही पडू नका. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी न्या. बाकीचा किराणा ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागात, अल्बर्ट ड्राइव्हवर मिळतो. खेड्यात शिरण्यापूर्वी तिथेच गाडी भरून घ्यावी.

आता चूल. पुष्कळ जुन्या घरांत आगा नावाची जड लोखंडी शेगडी असते, अखंड तापलेली, वर झाकणाखाली दोन तापपट्ट्या, एक कडक आणि एक मंद. ज्योत नसते. कडक पट्टीवर पोळ्या छान होतात, पण झाकण जितका वेळ उघडे तितकी उष्णता जाते. तीस-चाळीस पोळ्या सलग केल्या की शेगडी थंडावते आणि संध्याकाळचा भात शिजत नाही. म्हणून पोळ्या एका वेळी, भात दुसऱ्या वेळी. कधी तिच्या जोडीला इंडक्शन असते, तिथे आपला ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. लोखंडी तवा चालतो, तो न्यावा. फोडणीची मात्र काळजी घ्या. 2022 पासून स्कॉटलंडच्या घरांत धुराच्या घंटा एकमेकींना जोडलेल्या असतात. स्वयंपाकघरात उष्णतेची घंटा असते, ती फोडणीला दाद देत नाही, पण मिरचीचा धूर दिवाणखान्यात गेला की साऱ्या घरातल्या घंटा एकदम वाजतात. मधले दार लावून, खिडकी उघडून फोडणी द्या.

पोचण्याचा दिवस उजेडात संपेल असा आखा. घर बहुधा दुपारी चारला हाती येते. खेड्यात एका पिनकोडखाली बरीच शिवारे येतात, म्हणून मालकाने पाठवलेली वाट छापून ठेवा, मोबाईलला रेंज नसते. शेवटचे काही मैल एकेरी रस्ता असतो आणि जागोजागी थांबायच्या मोकळ्या जागा. समोरून गाडी आली तर जागा डावीकडे असल्यास तीत शिरा, उजवीकडे असल्यास तिच्यासमोर आपल्या बाजूलाच थांबा. मागून घाईत येणाऱ्यालाही पुढे जाऊ द्या, आणि तिथे गाडी उभी करून फोटो काढू नका.

घरात पाऊल टाकल्यावर आधी सगळ्या खोल्यांतून एकदा फिरा, आधीच्या तडे-डागांची छायाचित्रे काढा आणि खोल्या कागदाप्रमाणे वाटा. मग सर्वांना एकत्र बसवून पाण्याविषयी सांगा. हे मी जरा खोलात सांगते, कारण आमचे नुकसान इथेच झाले. या स्नानगृहांच्या जमिनीला मोरी नसते, लाकडी तक्तपोशी असते, कधी तिच्यावर गालिचाही असतो. टबाबाहेर सांडलेले पाणी कुठेच जात नाही, खालच्या खोलीच्या छतात उतरते. आमच्यातल्या एकाने सवयीने टबाबाहेर उभे राहून तांब्याने अंघोळ केली आणि तासाभरात खालच्या नक्षीदार चुन्याच्या छतावर ताटाएवढा ओला डाग आला. मी लगेच फोन केला. देखरेख करणाऱ्या बाई आल्या, छताखाली बादली ठेवली, वरची तक्तपोशी पुसून सुकवली आणि लपवले नाही म्हणून आभार मानले. अनामत रकमेतून थोडे कापले गेले, ते योग्यच होते. अंघोळ टबात, पडदा आत, आणि सकाळी-संध्याकाळी विभागून. संडासात कागदाखेरीज काही टाकू नका आणि भांडी धुण्याच्या सिंकमध्ये तेल ओतू नका, मैला बहुधा घरामागच्या टाकीत जातो.

शेकोटीला फक्त वाळलेली लाकडे घाला, जाळी लावल्याशिवाय उठू नका. राख दुसऱ्या दिवशीही आतून धगधगते, ती प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. आसपास भटकायला मोकळीक आहे: 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक माळरान-जंगलातून पायी जाता येते, दुसऱ्याच्या घराचे अंगण आणि उभे पीक सोडून. फाटक जसे दिसले तसेच ठेवा. गवतातून आल्यावर पायांवर गोचीड बघा, तिच्यातून लाइमचा आजार होतो.

निघायचे सकाळी दहाला, म्हणून आदल्या रात्रीच भांडी घासा, उरलेले अन्न वाटा आणि कचरा सांगितलेल्या रंगाच्या डब्यांत टाका. पाहुण्यांची वही असेल तर तीत पुढच्या कुटुंबाच्या उपयोगाचे लिहा. वडिलांनी थरथरत्या अक्षरात मराठीत तीन ओळी लिहिल्या. बहिणीने खाली इंग्रजीत उतरवले: तळमजल्याच्या खोलीतला पलंग उंच आहे, पायाखाली चौरंग लागतो, तो जिन्याखालच्या कपाटात आहे.