नेदरलँड्सला नव्याने आलात? एक शनिवार पवनचक्कीला द्या

कोयनानगर, पाटण, कराडकडून नोकरी-शिक्षणासाठी नेदरलँड्सला येणाऱ्यांसाठी इथल्या जुन्या मराठी कुटुंबांच्या अनुभवांतून हे मार्गदर्शन तयार केले आहे. घराचा शोध, बीएसएन (नागरिक सेवा) क्रमांक, मुलांची शाळा आणि डच भाषेतली पत्रे यांत पहिले काही महिने दमछाक होते. अशा वेळी अधूनमधून एखादा शनिवार जुन्या, चालत्या पवनचक्कीला द्यावा, असा जुन्याजाणत्यांचा सल्ला आहे.

आपल्याला ती जवळची का वाटते
वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या आपण पाहिलेल्या असतात. त्या वीज करतात. इथल्या जुन्या चक्क्यांपैकी अनेकींचे काम पाणी उचलण्याचे होते. कोयनेचे पाणी आपण अडवतो आणि सह्याद्रीच्या पोटातून खाली सोडून वीज मिळवतो. इथे बरीच जमीन समुद्रसपाटीखाली, म्हणून सखल शेतातले पाणी वर चढवून नदीत टाकावे लागे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात ज्यांच्या आजोबांचे गाव गेले, त्यांना पाण्याशी झुंजणारी इथली माणसे लवकर उमगतात.

कुठे जावे
• किंडरडाइक: रॉटरडॅमजवळ. १७४० च्या सुमारास बांधलेल्या चक्क्यांसह एकूण १९ चक्क्या. १९९७ पासून युनेस्कोचा जागतिक वारसा. रॉटरडॅमहून वॉटरबसने जाता येते. बांधावरून चालायला किंवा सायकल चालवायला उत्तम.
• झान्से स्कान्स: ॲमस्टरडॅमहून रेल्वेने जवळ. इथे रंग दळणारी, तेल काढणारी आणि लाकूड कापणारी चक्की पाहता येते. गर्दी फार, म्हणून सकाळी लवकर पोहोचा.
• द फाल्क, लायडन: १७४३ ची चक्की, आता संग्रहालय. स्टेशनपासून चालत जाता येते, त्यामुळे गावाहून आलेल्या आई-बाबांना सोयीची.

कधी जावे
चक्कीवर निळी पताका दिसली की ती पाहुण्यांसाठी उघडी आहे असे समजा. अनेक चक्क्या स्वयंसेवक चालवतात आणि शनिवारी फिरवतात. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी राष्ट्रीय चक्की दिन असतो. तेव्हा देशभर शेकडो चक्क्या उघड्या असतात.

जाताना लक्षात ठेवा
• ट्रेन-बसमध्ये बँकेचे कार्ड चढताना आणि उतरतानाही टॅप करा.
• उन्हाळ्यातही बांधावर वारा झोंबतो. वारा अडवणारे जाकीट घ्या.
• फिरत्या पात्यांपासून मुलांना लांब ठेवा. आतल्या शिड्या उभ्या असतात. उतरताना तोंड शिडीकडे ठेवा.
• चक्कीवाल्याशी बोला. वाऱ्याकडे टोपी कशी वळवतात, पात्यांवर कापड कधी चढवतात, हे तो आनंदाने दाखवतो. चक्की चालवण्याच्या या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. डच बोलण्याचा सराव करायला याहून मोकळी जागा नाही.
• डबा घरचा न्या, फोन खिशात ठेवा, आणि ऑफिसचा विषय दिवसभर काढू नका.

मात्र झोप उडणे, रडू येणे, कामात मन न लागणे आठवडेच्या आठवडे चालले, तर सहलीवर विसंबू नका. आपल्या हाउसआर्त्सची, म्हणजे नोंदणी केलेल्या डॉक्टरांची, वेळ घ्या. ती नोंदणी घर मिळताच उरकून टाका. आणि शनिवारी निघताना नव्याने आलेले दुसरे एखादे मराठी कुटुंब आवर्जून सोबत घ्या.